गच्चीवर तयार होणारी गाडी

इटलीतल्या तूरिनला पोचल्यावर हॉटेलात सामान टाकलं आणि थेट लिंगोत्तो गाठलं. फियाटचा हा जुना मोटार कारखाना बघायचं कित्येक वर्षं मनात होतं. १९२३ साली सुरू झालेली, अर्धा किलोमीटर लांबीची पाच मजली इमारत. कच्चा माल तळमजल्यावर यायचा, एकेका मजल्यावर गाडी आकार घेत जायची आणि पूर्ण व्हायची ती थेट गच्चीवर! तिथल्याच ट्रॅकवर तिची चाचणी, मग स्वारी खाली.

आत गेलात की आधी तो गोल गोल चढत जाणारा रॅम्प बघा. मी खाली उभी राहून मान वर केली. हातपंख्याच्या काड्यांसारख्या काँक्रीटच्या तुळया मधल्या पोकळीपासून बाहेर पसरत गेलेल्या. मान अवघडली तरी हलवेना. गच्चीवर आता बाग केली आहे, पण ट्रॅकच्या दोन्ही टोकांची कललेली वळणं तशीच आहेत. पायथ्याशी उभं राहिलं की भिंतीसारखी अंगावर येतात. कठड्यापलीकडे घरं, रेल्वेचे रूळ. कारखाना शहरातच होता!

मग बंद का पडला? लांबलचक कन्व्हेयरला, म्हणजे गाड्या पुढे सरकवत नेणाऱ्या पट्ट्याला, एका पातळीवरची जागा सोयीची. फियाटनेच १९३९ मध्ये शहराच्या कडेला मिराफियोरीचा ऐसपैस कारखाना काढला आणि १९८२ मध्ये लिंगोत्तोला टाळं लागलं.

मला राहून राहून सिंगापूर आठवत होतं. तिथलं ह्युंदाईचं २०२३ मध्ये उघडलेलं सात मजली केंद्र मी आधी पाहिलं होतं. तिथे सलग कन्व्हेयरच नाही. गाडी एका ‘सेल’मध्ये, म्हणजे कामाच्या छोट्या स्वतंत्र जागेत, उभी राहते आणि सुटे भाग स्वयंचलित गाड्या तिच्यापाशी आणून देतात. काम असं सुटं झालं की एकामागोमाग एक लांब रांग लावायची सक्ती उरत नाही. गच्चीवर पुन्हा ट्रॅक, ६१८ मीटरचा. मात्र ते जुराँगच्या औद्योगिक पट्ट्यात आहे, लोकांच्या खिडक्यांसमोर नाही. आणि बहुमजली कारखान्याची खरी परीक्षा तर भर वस्तीतच आहे. मजल्याने यंत्राचं वजन पेललं पाहिजे, त्याची थरथर शेजाऱ्याच्या पलंगापर्यंत पोचता कामा नये, मालाचा ट्रक रस्त्यात ताटकळता कामा नये. सिंगापुरातल्याच काही बहुमजली कारखान्यांत ट्रक रॅम्पवरून थेट वरच्या मजल्यावर गाळ्याच्या दाराशी जातो. नकाशा काढतानाच हा विचार झाला, तर निम्मी भांडणं टळतील असं मला मनापासून वाटतं.

तूरिनहून व्हिएन्नाला गेले ती मानरचा वेफरचा कारखाना बघायला. भर वस्तीत, कामाचे टप्पे मजल्यांवर एकावर एक रचलेले. भट्ट्यांची वाया जाणारी उष्णता जवळपासच्या सुमारे ६०० घरांना आणि व्यवसायांना पुरवली जाते. संध्याकाळी मी समोरच्या पदपथावर उभी होते, हवेत वेफर भाजल्याचा गोड वास. वरच्या एका खिडकीतून एक आजी डोकावल्या, दुलई झटकून हवेशीर होण्यासाठी चौकटीवर टाकली आणि खिडकी तशीच उघडी ठेवून आत गेल्या.