सर्व्हर लॅग मारतोय, सर!

महाप्यात आमचं रोजचं काम म्हणजे लहान ऑफिसांतले सर्व्हर उभे करणं, टॅलीचा बॅकअप खरंच होतोय का ते बघणं आणि पावसाळ्यात रॅकवर गळती लागली की शिव्या खाणं. गेमच्या सर्व्हरसाठी आपल्याला कुणी बोलावेल असं कधी वाटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये कोपरखैरण्याच्या एका गेमिंग कॅफेवाल्या दादांचा फोन आला. "पोरांना स्वतःचा सर्व्हर पाहिजे म्हणे, ओसूचा. असलं काही करता का तुम्ही?"

ओसू हा ठेक्याचा गेम. डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने तो 2007 साली काढला. पडद्यावर गोळे येतात, भोवतीचं कडं आकसत आकसत गोळ्याला टेकलं की नेमक्या त्या क्षणी बटण दाबायचं. त्याचा अधिकृत सर्व्हर आहेच, त्याला बांचो म्हणतात. मग वेगळा कशाला? विचारलं, तर कारण पटण्यासारखं निघालं. कॅफेतली चार-पाच पोरं ढोल-ताशा पथकात वाजवतात. त्यांच्यातल्या एकाने पथकाच्या सरावाचं रेकॉर्डिंग घेऊन त्याचा मॅप, म्हणजे कुठल्या ठेक्याला कुठला गोळा येणार याचा आराखडा, बनवला होता. हे काम सोपं नाही. माणसं वाजवताना लय सरकते, त्यामुळे एडिटरमध्ये जागोजाग लाल रेघा मारून लय पुन्हा बांधून द्यावी लागते. त्याने चाळीसच्या वर रेघा मारल्या होत्या. पण अधिकृत सर्व्हरवर मॅप 'रँक्ड', म्हणजे मान्य, होईपर्यंत त्याचा लीडरबोर्ड, म्हणजे कुणाला किती गुण त्याची यादी, मिळत नाही, आणि ते व्हायला तिथल्या परीक्षकांची मान्यता लागते. ह्यांचा मॅप पेंडिंगमध्ये पडून पडून शेवटी ग्रेव्हयार्डात, म्हणजे सोडून दिलेल्या मॅपांच्या ढिगात, गेला होता. स्वतःच्या सर्व्हरवर मात्र कुठला मॅप रँक्ड करायचा हे आपल्या हातात.

कॅफेत एक जुना आय-थ्री पडून होता, 8 जीबी रॅमवाला. त्यावर उबुंटू टाकलं आणि बांचो-डॉट-पाय नावाचा सर्व्हर लावला. पायथनमध्ये लिहिलेला आहे, सोर्स खुला आहे. सोबत डेटाबेसला मायएसक्यूएल, तात्पुरत्या माहितीला रेडिस आणि पुढे दाराशी, आलेल्याला आत पोचवायला, एनजिनएक्स. असली सॉफ्टवेअरं तयार डब्यात भरून चालवणारं डॉकर असल्यामुळे हे सगळं दुपारच्या चहाच्या आत झालं. वेळ खाल्ला तो बाकीच्या गोष्टींनी.

पोरांची इच्छा होती की ठाण्याच्या मित्रांनाही घरून खेळता यावं. राउटर उघडून बघितला तर बाहेरचा पत्ता 100.72 की काहीसा. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते दिसले की समजायचं, कनेक्शन सीजीनॅटच्या मागे आहे. म्हणजे टोलेजंग सोसायटीचा गेट एकच, फ्लॅट शेकडो, आणि बाहेरून आलेलं पार्सल कुणाकडे पाठवायचं ते वॉचमनला ठाऊक नाही. राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस गेटवरच अडणार. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याचे, जादा पैसे ऐकून दादांनी मान हलवली. ठरलं, रविवारची स्पर्धा फक्त कॅफेतल्या चौदा मशीनवर.

तरी एचटीटीपीएस, म्हणजे सर्टिफिकेट दाखवून होणारं कुलूपबंद बोलणं, लागतंच. गेमचा क्लायंट त्याशिवाय बोलत नाही. माझ्या नावावर एक डोमेन पडून होतं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या वहीत, एक टीएक्सटी नोंद टाकून लेट्स एन्क्रिप्टकडून वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनना चालणारं, सर्टिफिकेट घेतलं. असं घेतलं की सर्व्हर बाहेरून दिसला नाही तरी चालतं. मग प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर ते सांगणाऱ्या यादीत, पत्ते लिहायचे. या फाइलला वाइल्डकार्ड कळत नाही, म्हणून सी, सीई, सी4, ओसू, ए, बी असं एकेक सबडोमेन वेगळं लिहावं लागलं. पेनड्राइव्हवर बॅच फाइल केली आणि चौदा मशीनवर चौदा वेळा डबलक्लिक. शेवटी गेम आपल्याच सर्व्हरकडे यावा म्हणून त्याच्या शॉर्टकटला 'डेव्हसर्व्हर' आणि आपलं डोमेन जोडलं. पोरांना बजावलं की इथे नवा पासवर्ड ठेवा, मूळ खात्याचा नको. क्लायंट पासवर्डचा हॅशच, म्हणजे उलट न वाचता येणारा ठसाच, पाठवतो, पुढे सर्व्हर त्यावर बीक्रिप्ट हा आणखी एक ठसा चढवून साठवतो, हे खरं. पण परक्याच्या सर्व्हरवर आपली किल्ली का ठेवावी?

रविवारी सकाळी नऊ नंबरचं मशीन अडून बसलं. बाकीची तेरा लॉगिन होतात, हे नाही. होस्ट्स फाइल बरोबर, केबल बरोबर. अर्धा तास गेला. मग सहज खाली उजव्या कोपऱ्यातल्या तारखेकडे नजर गेली: 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवरचा सेल मेला होता. त्या मशीनच्या हिशेबाने माझं सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचं होतं. सीआर 2032, नाण्याएवढा सेल. स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. आमच्या धंद्यात घड्याळवाला असा अधूनमधून उपयोगी पडतो.

स्पर्धा सुरू झाली आणि दहा मिनिटांत ओरड: "सर्व्हर लॅग मारतोय, सर!"

ओरडणारी मुलगी पथकात ताशा वाजवते. सगळ्यांचं म्हणणं, तीच जिंकणार. आणि तिच्या पडद्यावर एकामागून एक मिस. दादा लगेच म्हणाले, "200 एमबीपीएस घेतलंय हो, तरी? 300 चा प्लॅन घेऊ का?"

मी सांगायला गेलो की दाबलेलं बटण वेळेवर आहे की नाही, हे तिच्याच मशीनमधला गेम ठरवतो. सर्व्हर तिथे पंच नसतो. गाणं संपल्यावर निकालाचं पाकीट त्याच्याकडे जातं, तोवर तो फक्त समोरच्याचे गुण दाखवत बसतो. कुणी ऐकेना. शेवटी उठलो आणि राउटरमागची इंटरनेटची वायर उपटली. कॅफेत एकदम शांतता. गोळे येतच राहिले, तिचे मिस होतच राहिले. मिनिटभराने वायर परत लावली. सर्व्हर काउंटरखाली होता, तिच्यापासून जेमतेम दहा फुटांवर.

मग नीट बघितलं. ती मान हलवत होती, पण मान आणि गोळे जुळत नव्हते. कानात तिचे स्वतःचे ब्लूटूथ बड्स. "ठेका मागे पडतोय," ती म्हणाली, "टोल उशिरा ऐकू येतो." तिच्या कानाने बरोबर पकडलं होतं. साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे-दोनशे मिलीसेकंद सहज उशिरा पोचतो. या मॅपची ओव्हरऑल डिफिकल्टी, म्हणजे वेळ किती नेमकी लागते तो आकडा, 8 ठेवली होती. सूत्र सोपं आहे: पूर्ण 300 गुणांसाठी 80 वजा सहा गुणिले आठ, म्हणजे मागेपुढे 32 मिलीसेकंद. 50 गुण मिळायलाही 120 च्या आत दाबावं लागतं. तिचा प्रत्येक टोल त्याच्या पलीकडे पडत होता.

शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाच्या कानातही बड्सच होते. त्याचे गुण मात्र बरे. कारण तो कडं कधी टेकतं ते डोळ्यांनी बघून दाबत होता, ऐकत नव्हताच. ही पोरगी वर्षानुवर्षं कानावर विसंबून वाजवत आलेली. तिच्या डोळ्यांसमोर कडं टेकत होतं आणि ती वाट बघत होती टोलाची. खोलीतला सगळ्यात तयार कान सगळ्यात खाली लागला होता.

गेममध्ये आवाजाचा ऑफसेट लावता येतो, म्हणजे आवाज आणि गोळे मागेपुढे सरकवून जुळवता येतात. पण बड्सचा उशीर दर वेळी सारखाच राहील याचा भरवसा नाही. म्हणून काउंटरच्या ड्रॉवरमधला कॅफेचा वायरवाला हेडफोन काढला. स्पंज निघालेला, एका कानाला सेलोटेप. तिने नाक मुरडलं, लावला, पहिला गोळा दाबला आणि हसली. फेरी पुन्हा घ्यायची की नाही यावर पोरांत पाच मिनिटं जुंपली. मी त्यात पडलो नाही. मुकाट वडापाव खाल्ला. फेरी पुन्हा झाली. ती दुसरी आली. पहिला आला मॅप बनवणारा, आणि त्यावरून नव्याने भांडण.

दादांनी पाकीट दिलं. मी मशीनवर चिकटपट्टीने लिहून ठेवलं: 'सर्व्हर आहे. बंद करू नये.' त्याखाली तारीखही लिहिली होती. सर्टिफिकेट 90 दिवसांचं, आणि टीएक्सटी नोंद मी हाताने टाकलेली, त्यामुळे ते आपोआप नवं होणार नव्हतं.

नोव्हेंबरात दादांचा फोन आला. "अहो, सर्व्हर बंद पडला. एकही पोरगं आत जाईना. घेऊन टाकू का आता 300 चा प्लॅन?"