डोहाळजेवणासाठी 19 लिटर आल्याचा सोडा

लेकीला सातवा लागला आणि डोहाळे लागले ते आल्याच्या सोड्याचे. "आई, नाकात झिणझिण्या आल्या पाहिजेत," एवढंच मागणं. सातारला आल्याची काय कमी? कोरेगावकडून नात्यातल्यांनी पोतंभर पाठवलं होतं. पण घरचं आल्याचं सरबत आणि विकतचा सोडा एकत्र केला की गॅस निम्मा उडून जायचा. आणि डोहाळजेवणाला साठेक बायका येणार, त्यांच्यासाठी किती बाटल्या फोडायच्या?

माझा भाचा मेलबर्नला असतो. तो घरी बिअर बनवतो, तिकडे त्याला मुभा आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय ते चालत नाही आणि मला ते करायचंही नव्हतं. पण बिअरमध्ये गॅस भरायचा त्याचा स्टीलचा उंच डबा, म्हणजे केग, मी व्हिडिओ कॉलवर पाहिला होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, हे केग मुळात शीतपेयांचं सिरप ठेवायलाच बनवले होते. कंपन्या पुढे खोक्यातल्या पिशव्यांकडे वळल्या, तेव्हा जुने केग आम्हा लोकांच्या हाती आले." मग तर मी केगला त्याच्या जुन्या कामालाच लावणार होते. वापरलेला एक केग मागवला, 19 लिटरचा. गॅसचा सिलिंडर मात्र वेल्डिंगचा घेतला नाही. खाण्यापिण्याच्या पदार्थांसाठीचाच कार्बन डायऑक्साइड हवा, असं दुकानदाराला दोनदा बजावलं. सोबत गॅसचा दाब ठरवायला काट्याचा रेग्युलेटर. शिवाय ओळखीच्या आईस्क्रीमवाल्याचा जुना डीप फ्रीझर आणून त्याला तापमानाचा कंट्रोलर जोडला.

सरबत सोपं. दीड किलो आलं किसून उकळलं, त्यात पावणेदोन किलो साखर आणि वीस लिंबं. लिंबं पुढच्या वेळी पंधराच घालीन, कारण विरघळलेला गॅस स्वतःच थोडी आंबट चव आणतो. पहिल्यांदा चहाच्या गाळणीने गाळलं, ते चुकलं. केगमधली नळी थेट तळापर्यंत जाते, म्हणजे बाहेर आधी तळातलंच येतं. आल्याचा साका आणि धागे नेमके तिथे बसतात आणि झडपेत अडकतात. म्हणून सगळं परत काढलं, मलमलीतून दोनदा गाळलं, रात्रभर स्थिर ठेवलं आणि वरचं निवळ तेवढं केगमध्ये ओतलं.

मग माझी घाई नडली. एप्रिल महिना, सरबत खोलीइतकंच कोमट, आणि मी गॅस जोडून मोकळी. 30 पौंड दाब, म्हणजे गाडीच्या टायरात भरतात तेवढा. सकाळी ग्लास भरला तर वर फेस आणि खाली गोड पाणी. भाचा म्हणाला, "आधी गार कर, मग गॅस." आठ-नऊ वर्षांपूर्वीपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवत होते, तरी हे हाताला कळायला केग लागला. चार अंशाच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड मावतो, त्याच्या निम्माही तीस अंशाला मावत नाही. सोड्याला लिटरमागे चार लिटर गॅस लागतो. बिअरला अडीच पुरतो, म्हणून भाच्याचा काटा 12 पौंडांवर असतो. मला गारठ्यातही दाब तीस पौंडांच्या आसपास हवा होता. त्यातही सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, इथे हवेचा दाब कमी, म्हणून एक पौंड जास्त: 31.

दिवसभर केग फ्रीझरमध्ये चार अंशांवर गार होऊ दिला. मग गॅस जोडला, झाकणावर साबणाचा फेस लावून पाहिलं तर कडेने बुडबुडे. ह्यांनी झाकण काढून रबरी कडी नीट बसवली, परत दाब दिला आणि बुडबुडे थांबले. खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या. हा गॅस हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साचतो. मग खाली गोधडी अंथरून आम्ही दोघांनी केग आडवा धरून मागेपुढे लोळवला. रेग्युलेटरमधून सूं सूं आवाज येत राहिला. गॅस पाण्यात जातोय, हे कानाला कळत होतं. हळूहळू तो आवाज बारीक झाला. मग तीन दिवस केगला हात लावला नाही.

शुक्रवारी नळ उघडला आणि पेय कारंज्यासारखं उडालं. सगळा फेसच! माझ्या पोटात खड्डा पडला. पण गॅस भरपूर होता, कमी होती ती नळी. मी दीड मीटर नळी लावली होती. ती 12 पौंडांच्या बिअरला चालते. 31 पौंडांना आवर घालायला आत घासत जाणारी लांब, अरुंद वाट लागते. पाच मिलिमीटर पोकळीची पारदर्शक, खाद्य दर्जाची नळी नऊ मीटर आणली आणि वेटोळं करून फ्रीझरमध्येच ठेवली, म्हणजे नळीतही पेय गारच राहील. दाब कमी करणं सोपं होतं, पण मग सोडा हळूहळू मवाळ झाला असता आणि लेकीने पहिल्या घोटालाच ओळखलं असतं. संध्याकाळी परत नळ उघडला. ग्लासात बोटभर फेस आणि खाली तळापासून वर येणारी बुडबुड्यांची रांग.

रविवारी ओटी भरली. हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत बसलेल्या लेकीला मी पहिला ग्लास दिला. तिने डोळे घट्ट मिटले, नाक चोळलं आणि रिकामा ग्लास पुढे केला. उरलेला केग तासाभरात संपला. शेजारच्या आजींनी दोनदा घेतला.

सिलिंडर आधी आणि नंतर वजन काट्यावर ठेवला होता, कारण आत द्रव गॅस असेपर्यंत दाबाचा काटा फारसा हलत नाही आणि किती उरला ते कळत नाही. चाचणी, गळती, सगळं धरून 400 ग्रॅमच्या आत गेला.

केग धुण्याचा सोडा घालून गरम पाण्याने तीनदा धुतला, तरी रबरी कड्यांना आल्याचा वास राहिलाच. भाचा म्हणाला, दुसरी चव करायची असेल तर कड्या बदल. बदलल्या नाहीत. बारशालाही आल्याचाच करायचा आहे.