चौदा बोल्टांची फाइल

राखीव वनातील कातळावर चढाईची परवानगी मिळतच नाही, असे गिर्यारोहकांत सर्रास बोलले जाते. आमच्या क्लबला ती मिळाली आहे, लेखी, जावक क्रमांकासह, आणि तीत पायवाटेचा वापर, चढाईचा सराव आणि माथ्यावर दोर अडकवण्यासाठी १४ बोल्ट बसवणे या तिन्ही गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे. या पत्राचा मला अभिमान आहे. मात्र ते मिळण्यास लागलेल्या वेळापैकी बहुतेक वेळ एकाच कार्यालयातील एकाच टेबलावर गेला आणि तो तसा जाण्याचे काही कारण नव्हते, याचा राग अजून ओसरलेला नाही. पुढचे लिखाण मुख्यतः त्या टेबलाविषयी आहे. गावाचे आणि कार्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही.

कातळ लहान आहे. घाटमाथ्यावरच्या जंगलात, पायथ्याच्या वाडीपासून पाऊण तासाच्या चालीवर, सुमारे २० मीटर उंचीची बेसॉल्टची उभी भिंत आणि तिच्यावर चढाईचे सात मार्ग. माथ्यावर कायमस्वरूपी आधार नसल्याने आजवर येथे येणारा प्रत्येक गट कडेवरच्या झाडांना दोर बांधत आला. त्यामुळे जांभळाच्या दोन झाडांची साल घासून खोल वळ पडले आहेत आणि माथ्यावर सतत ये-जा झाल्याने तेथील माती पावसात वाहून जाऊ लागली आहे. प्रत्येक मार्गाच्या शेवटी दोन बोल्ट बसवले, तर चढणारा तेथूनच खाली उतरू शकतो आणि माथ्यावर पाऊलही ठेवावे लागत नाही. आमची मागणी एवढीच होती.

गावाचा टप्पा सुरळीत पार पडला. वाट आधी दोन शेतांच्या बांधांवरून, मग गायरानातून आणि शेवटी राखीव वनातून जाते. सातबारा आणि गाव नकाशा काढून कोणता तुकडा कोणाचा हे आधीच पाहून ठेवले होते. शेतमालक काकांची अट एकच होती, की भात कापणी होईपर्यंत बांधावरून एकामागे एक चालावे. सरपंच ताईंनी ग्रामसभेत विषय घेतला, ठराव झाला आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीनेही शिफारस दिली. वनरक्षक मॅडम स्वतः कातळापर्यंत आल्या आणि त्यांनी कक्ष क्रमांक, म्हणजे वनाच्या त्या तुकड्याचा क्रमांक, नकाशावरून पक्का करून दिला. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी अनुकूल अभिप्राय देऊन प्रकरण विभागीय कार्यालयाकडे पाठवले. येथवर कोणाविषयीही तक्रार नाही.

त्यानंतर फाइल थांबली.

सुरुवातीला उत्तरे नेहमीचीच मिळाली. साहेब दौऱ्यावर आहेत, फाइल टिप्पणीत आहे, पुढच्या आठवड्यात या. नंतर संबंधित लिपिकांनी तोंडी सांगितले की, दगडाला छिद्र पाडण्याची परवानगी देण्याची नियमात तरतूदच नाही. तसे असेल तर लेखी नकार द्यावा, अशी मी विनंती केली, तेव्हा "नकार दिलेला नाही, प्रकरण विचाराधीन आहे" असे उत्तर आले. हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. नकाराविरुद्ध वरिष्ठांकडे जाता येते, होकार आला तर कामाला लागता येते. विचाराधीन प्रकरणाचे मात्र काहीच करता येत नाही. तोंडी उत्तरावर विसंबून परत फिरणारे गट बहुधा याच ठिकाणी नाद सोडून देतात आणि मग परवानगी मिळत नाही असा समज पसरत जातो.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि मजकूर एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. परवानगी का दिली नाही, असे विचारून उपयोग नसतो, कारण कारणे देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नसते. कागद मात्र द्यावेच लागतात. म्हणून मी आमच्या अर्जावर झालेल्या सर्व टिप्पण्यांच्या प्रती आणि फाइल कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला आली व गेली याची नोंद, एवढेच मागितले. प्रती ३० दिवसांच्या मुदतीत मिळाल्या आणि अडचण कुठे आहे ते प्रथमच दिसले. टिप्पणीत लिहिले होते की, प्रकरण उत्खननाच्या स्वरूपाचे दिसत असल्याने ते वन संवर्धन कायद्याखाली परिवेश पोर्टलवर सादर करावयाचे किंवा कसे, याबाबत चर्चा करावी. त्याखाली सही आणि तारीख होती. चर्चा झाल्याची नोंद कुठेही नव्हती. मधल्या काळात तीच फाइल "सविस्तर अभिप्रायासाठी" परिक्षेत्राकडे परतही गेली होती, आणि तो सविस्तर अभिप्राय त्याच फाइलमध्ये आधीपासून लावलेला होता.

परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवरून रस्ते, धरणे, वीजवाहिन्या यांसाठी वनजमीन वळती करण्याचे, म्हणजे वनेतर कामाला देण्याचे, प्रस्ताव जातात. आमच्या प्रकरणात जमीन वळती होणार नव्हती, झाड तुटणार नव्हते, बांधकामही नव्हते. तरीही शब्दाला शब्दाने उत्तर देण्यापेक्षा आकड्याने द्यावे, असे ठरवून मी पुरवणी पत्रात हिशेब जोडला. छिद्राचा व्यास १० मिलिमीटर आणि खोली ८० मिलिमीटर, म्हणजे एका छिद्रातून सुमारे ६.३ घन सेंटीमीटर दगड निघेल. चौदा छिद्रांचा मिळून ८८ घन सेंटीमीटर, म्हणजे चहाच्या एका पेल्यात मावेल एवढी भुकटी, आणि तीही गोळा करून आम्ही परत आणू.

दुसरा मुद्दा तरतुदीचा होता. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्ये राखीव वनात विनापरवाना प्रवेश करणे आणि दगड काढणे ही दोन्ही कृत्ये मनाईच्या एकाच यादीत आहेत. त्याच कलमाच्या पोटकलम (२) मध्ये असेही म्हटले आहे की, वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने केलेल्या कृत्याला ही मनाई लागू होत नाही. म्हणजे टिप्पणीतला उत्खनन हा शब्द मान्य केला, तरी लेखी परवानगीचा मार्ग कायद्यातच होता. हे पोटकलम मी पत्रात पूर्ण उद्धृत केले. ज्यांना अशा कामासाठी अर्ज करायचा आहे त्यांनी ते पहिल्याच अर्जात, पहिल्याच परिच्छेदात लिहावे, असा माझा आग्रह आहे. टेबलावरच्या माणसाला सही करण्यासाठी कायद्याचा आधार लागतो आणि तो त्याने शोधावा अशी वाट पाहण्यात ऋतू निघून जातो.

पत्राचा शेवट मी शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या राज्य अधिनियमाने केला. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही फाइल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त काळ प्रलंबित राहता कामा नये. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या तारखा मी तक्त्यात मांडल्या, कलमाचा उल्लेख केला आणि कोणावरही आरोप न करता निर्णयाची विनंती केली. पत्राची एक प्रत थेट विभागाचे प्रमुख असलेल्या उपवनसंरक्षकांच्या नावे आवक विभागात दिली आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद कोणत्याही कार्यालयात ठेवू नये, ही सूचना खरे तर मी सर्वांत आधी लिहायला हवी.

त्यानंतर मात्र हालचाल झाली. सहायक वनसंरक्षकांनी स्थळ पाहणी ठरवली. बोल्टमुळे कडा फुटेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि तो अगदी योग्य होता. मी हातोडीने कातळ ठोकून दाखवला. अखंड दगड खणखणीत वाजतो, आत पोकळी किंवा तडा असेल तर आवाज बोदा येतो. आपल्या बेसॉल्टमध्ये दोन थरांच्या मध्ये मऊ तांबडी पट्टी अनेकदा असते. तिच्यात किंवा कडेच्या अगदी जवळ बोल्ट घेत नाहीत, हे प्रत्यक्ष जागेवर दाखवता आले. मग ते जांभळाच्या झाडापाशी गेले, दोराने पडलेल्या वळात त्यांनी बोट घातले आणि सोबतच्या वनपालांना त्याचे छायाचित्र घ्यायला सांगितले. बोल्ट झाडे वाचवण्यासाठी आहेत, हे मी अर्जात दोनदा लिहिले होते. ते पटले ते त्या झाडापाशी. शक्य असेल तर स्थळ पाहणीची मागणी अर्जातच करून ठेवावी.

पत्र हाती आले तेव्हा त्यातील अटी वाचून मला समाधान वाटले, कारण त्या विचारपूर्वक लिहिलेल्या आहेत. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. घाटमाथ्यावरच्या पावसात साधे लोखंड गंजते आणि वरून ठीक दिसत असतानाही आतून कुजते, म्हणून आमचाही तोच आग्रह होता. काम वनरक्षकांच्या उपस्थितीत करायचे, एका वेळी ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे न्यायची नाहीत, आग पेटवायची नाही, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या हंगामात सराव बंद ठेवायचा. कड्यावर शाहीन ससाण्याचे किंवा अन्य पक्ष्याचे घरटे आढळल्यास त्या बाजूचे मार्ग बंद करून कळवायचे.

आग्या मोहोळाची अट पत्रात नाही, ती आम्ही स्वतःवर घालून घेतली आहे. वाडीतल्या एका वयस्कर बाबांनी भिंतीच्या डाव्या टोकाला पोळी कुठे लागतात ती जागा दाखवली आणि त्या बाजूचे दोन मार्ग पोळी असेपर्यंत कोणीही चढत नाही. नव्या कातळावर जाण्याआधी गावातल्या माणसाला हे विचारलेच पाहिजे, कारण दोरावर लटकलेल्या माणसाला माश्यांपासून पळता येत नाही.

आणखी काही गोष्टी आठवतात तशा लिहितो. जागा राखीव वन आहे की अभयारण्य, हे आधी तपासावे. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव अधिनियम लागू होतो आणि वर सांगितलेला कलम २६ चा मार्ग उपयोगी पडणार नाही. कातळ किल्ल्याचा भाग असेल तर पुरातत्त्व खात्याचाही प्रश्न येतो. क्लबच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, प्रथमोपचार प्रशिक्षण घेतलेल्या सदस्यांची यादी आणि ५०० रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र आमच्याकडे मागितले गेले. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हेही विचारले गेले. आम्ही शुल्क घेऊन कार्यक्रम करत नाही, सदस्यांचा सराव करतो, हे स्वतंत्र पत्रात लिहून दिले.

ज्यांना केवळ पायवाट आणि चढाई यांची परवानगी हवी आहे त्यांनी बोल्टांचा विषय त्या अर्जात आणूच नये, दोन अर्ज वेगळे करावेत. आमचे प्रकरण टेबलावर पडून होते त्या संपूर्ण काळात वाटेच्या वापराला कोणाचाच आक्षेप नव्हता, तरीही एकाच फाइलमध्ये असल्याने ती परवानगीसुद्धा अडकून पडली आणि हिवाळ्यातला सरावाचा सर्वांत चांगला काळ हातचा गेला. आमची परवानगी एका वर्षाची आहे. नूतनीकरणाचा अर्ज आम्ही या वेळी भर पावसाळ्यातच दिला आहे, वाटेचा वेगळा आणि बोल्टांच्या देखभालीचा वेगळा, आणि दोन्हींचे आवक क्रमांक क्लबच्या वहीत नोंदवले आहेत.