शेवटी येणाऱ्यानं लावायचं

सुवर्णमहोत्सवाची पत्रिका आली, सोबत चिठ्ठी, 'स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा.' मी 1986 च्या दहावीचा. शाळेचं लिहायला बसलो की सरांशिवाय काही सुचत नाही, बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. कुठले सर, हे आमच्या बॅचच्या कुणाला सांगायला नको. सायकलच्या हँडलला कापडी पिशवी, पिशवीत खडूचे तुकडे.

स्टेशनकडची आम्ही पोरं अज्जाच्या, म्हणजे एका म्हाताऱ्या कानडी शेतकऱ्याच्या, शिवारातून आडवाटेनं यायचो. त्याच्या बांधावर बांबूचं फाटक होतं. सरांचा नियम एकच : फाटक कुणीही उघडो, शेवटी येणाऱ्यानं लावायचं. रोज हजेरीनंतर विचारायचे, "आज शेवटचा कोण?"

आठवीत असताना आर्द्राच्या पावसात तो शेवटचा मी होतो. घंटा ऐकू आली आणि मी फाटक तसंच टाकून पळालो. मधल्या सुट्टीत कळलं, म्हशी अज्जाच्या तरव्यात, लावणीसाठी वाढवलेल्या भाताच्या रोपांत, घुसल्या. खानापूरकडच्या माणसाला तरवा म्हणजे काय ते ठाऊक आहे. पुन्हा पेरून रोप हाताशी यायला तीन आठवडे, तोवर लावणी मागं पडते. सरांनी वर्गात विचारलं. कुणी उभं राहिलं नाही. मीही नाही. "बरं, सुटल्यावर मी जातो अज्जाकडं," एवढंच म्हणून ते त्रैराशिकाकडं वळले.

छडी चालली असती. ते 'मी जातो' झेपलं नाही. शाळा सुटल्यावर सायकलमागं धावत गेलो आणि सांगून टाकलं. ते ना रागावले, ना शाबासकी दिली. अज्जाला मराठी जेमतेम यायचं, म्हणून वाटेत माझ्याकडून एक शब्द घोकून घेतला : "तप्पात्री." चुकलं माझं. मी तो अज्जाच्या पायांकडं बघत म्हटला. "इरली बिड तम्मा," अज्जा म्हणाला. राहू दे पोरा. पण सरांनी राहू दिलं नाही. किती वाफे गेले ते माझ्याकडून मोजून घेतलं (दोन), मग चार रयतांच्या दारात मला उभं करून उरलेला तरवा मागायला लावला. नट्टीच्या, म्हणजे लावणीच्या, रविवारी धोतर खोचून स्वतः चिखलात उतरले. त्यांची ओळ इतकी वाकडी गेली की लावणीच्या बायका हसून बेजार. माझी मात्र सरळ होती, हे इथं नमूद करतो!

नववीत त्यांनी आम्हाला बेळगावला टिळकवाडीतली काँग्रेस विहीर दाखवायला नेलं. डिसेंबर 1924 चं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव, त्यासाठी खोदलेली ही विहीर, सगळं सांगितलं. पण आमच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. परतीच्या लाल बसमध्ये सर शेंगांची टरफलं वेचत होते, आमचीच. पुढच्या स्टॉपपासून आम्ही वेचायला लागलो.

आज उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, माझं मशीन शॉप आहे, बावीस माणसं. हायड्रॉलिकचे पार्ट गुजरातपर्यंत जातात, हे थोडं मिरवून सांगतो. तिथंही शेवटी जाणाऱ्यानं कंप्रेसरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. नवी पोरं विचारतात, त्याला माणूस ठेवला नाही काय?

गेल्या महिन्यात शाळेकडं येऊन गेलो. रस्ता चौपदरी झालाय, आडवाट राहिली नाही. अज्जाच्या शिवारात प्लॉटचे दगड रोवलेत. गावातली निम्मी पोरं सकाळी इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये चढताना दिसली. मला वाईट वाटलं, आणि माझाही नातू तसल्याच व्हॅनमधून जातो.

वर्गणी पाठवली आहे. आणखी एक, शाळेच्या मागच्या लोखंडी गेटला कडी नाही, सुतळीनं बांधलंय. कडी मी शॉपमध्ये करून आणतो. मापासाठी येत्या रविवारी कुणीतरी शाळेत असावं, दहाच्या आत.