त्याचं नाव घ्या ना

दादाचा मुलगा गेला त्याला येत्या ऑक्टोबरमध्ये दोन वर्षं होतील. नऊ वर्षांचा होता. डेंग्यू. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, वहिनीने त्याला मऊ भात भरवला, तो अर्धा तास कॅरम पण खेळला, आणि डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं डोळ्यात तेल घालून बसावं लागतं हे आम्हाला दोन दिवसांनी आयसीयूच्या बाहेर उभं असताना कळलं.

आज लिहायला बसली कारण मागच्या आठवड्यात मैत्रिणीच्या नात्यात असंच झालं आणि तिचा फोन आला, भेटायला जाऊन राहिली गं, काय बोलू? मी तिला एवढंच म्हटलं की लेकराचं नाव घे. बाकी रात्रभर आठवत बसली.

आमच्याकडे तेरवीपर्यंत घर भरलेलं होतं. शेजारच्या काकूंचा वरण-भाताचा डबा रोज यायचा, चपला ठेवायला जागा नसायची. चौदाव्या दिवशी सगळे गेले आणि सगळ्यात आधी गेलं ते त्याचं नाव. कोणीच घेईना. "ते झालं तेव्हापासून" असं बोलायचे, नाहीतर त्याचा विषय निघाला की चहा ठेवायला उठायचे. मी पण त्यातलीच. मी तर त्याहून मोठी चूक केली, वहिनी आंघोळीला गेलेली असताना त्याचं दप्तर, बूट, रात्रीचा टीशर्ट, तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या लेकरांच्या पोळ्याचा लाकडी नंदी, सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. डोळ्यासमोर नको, एवढाच विचार. वहिनी दोन दिवस काही बोलली नाही, नुसती कपाटं उघडून बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्याचा टीशर्ट कुठे आहे गं, मी धुतला नव्हता मुद्दाम, वास होता त्याला. मी खोकं खाली काढलं, पण तोपर्यंत मी तो टीशर्ट धुऊन घडी घातलेला होता. हे मी अजूनही स्वतःला माफ केलेलं नाही. म्हणून सांगते, लेकराच्या वस्तूंना आईबापाने सांगितल्याशिवाय हात लावू नका. एक महिना लागू दे नाहीतर पाच वर्षं.

डिसेंबरात आम्ही एका कौन्सेलर ताईंकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, नाव काय त्याचं? मग, काय आवडायचं खायला? फोटो आहे का? वहिनी दीड तास बोलली. दोन महिन्यांत एवढं बोलली नव्हती. ताईंनी एकदाही "रडू नका" म्हटलं नाही, टिश्यूचा डबा पण लगेच पुढे केला नाही, त्यांचं म्हणणं की तो घाईने पुढे केला की समोरच्याला वाटतं आता आवरायला सांगून राहिले.

वहिनीच्या डोक्यात एकच होतं, ताप उतरल्यावर मी त्याला खेळू दिलं. आम्ही दर वेळी तोडायचो, अगं तुझी काही चूक नाही. आणि ती गप्प व्हायची. ताईंनी तोडलं नाही, पूर्ण ऐकलं, त्या दिवशीचा एकेक तास विचारला, आणि मग म्हणाल्या की त्या दिवशी तुम्हाला जेवढं माहीत होतं तेवढ्यात त्या घरातल्या कोणत्याही आईने हेच केलं असतं. शब्द आमच्यापेक्षा फार वेगळे नव्हते, पण आधी ऐकलं होतं ना.

एका नातेवाईकाने दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर दुःखाच्या पाच पायऱ्यांचं (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) चित्र पाठवलं होतं, दादा बिचारा मोजत बसला होता मी कितव्या पायरीवर आहे. ताईंनी समजावलं की एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली त्या पायऱ्या लिहिल्या त्या ज्यांचं स्वतःचं मरण जवळ आलंय अशा पेशंटबद्दल, आणि दुःख काही जिन्यासारखं चढत नाही. स्ट्रोबे आणि शूट या दोघा संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेलं त्यांना जास्त पटायचं, की माणूस हेलकावे खातो, घडीभर दुःखात, घडीभर रोजच्या कामात, आणि दोन्ही लागतं. हे ऐकून वहिनीला केवढं हलकं वाटलं, कारण ती एकदा टीव्हीवर काहीतरी बघून हसली होती आणि नंतर दोन दिवस स्वतःला दोष देत जेवली नव्हती.

दादाबद्दल मला खूप वाईट वाटतं. सगळे त्याला एकच सांगायचे, वहिनीला सांभाळ. त्याला कोण सांभाळणार? तेरवीनंतर तीन दिवसांनी तो नागपूरजवळच्या बुटीबोरीला ड्युटीवर, आणि परत येताना शाळेसमोरचा रस्ता टाळायला चार किलोमीटर फिरून यायचा, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं तेही पेट्रोलच्या खर्चावरून. तो रडत नव्हता म्हणून आम्हाला वाटलं तो सावरला. त्याला बोलतं केलं त्याच्या एका मित्राने, दर रविवारी यायचा, अंबाझरी तलावावर चक्कर मारायला न्यायचा, काही विचारायचा नाही, नुसता सोबत चालायचा. सातव्या-आठव्या रविवारी दादा बोलला.

आणि दादाची धाकटी मुलगी, सहा वर्षांची, तिला आम्हीच सांगून ठेवलं होतं की आईसमोर गेलेल्या भावाचं काही काढायचं नाही. पोरगी उशीत तोंड खुपसून रडायची. लहान मुलांना खरं सांगावं, "झोपला" "देवाघरी फिरायला गेला" असं नाही, ती मग झोपायलाच घाबरतात. आमची घाबरली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने सहज विचारलं, किती मुलं तुम्हाला? वहिनी थांबली. एक म्हटलं तर त्याला नाकारल्यासारखं, दोन म्हटलं तर पुढचा प्रश्न. ती म्हणाली दोन. मी शेजारी होती, मी त्याचं नाव घेऊन म्हटलं, तो मोठा. वहिनीने माझा हात दाबला. त्याच सीझनला नात्यातल्या एका डोहाळजेवणाला तिला बोलावलं नाही, अपशकुन म्हणून. हे बंद करा बाप्पा, हात जोडून सांगते. आणि "दुसरं होऊ द्या" पण. दुसरं मूल म्हणजे या मुलाची बदली नाही.

एक गोष्ट मात्र घाबरत का होईना पण विचारा. वहिनी एकदा म्हणाली मलाही त्याच्याकडे जायचंय. ताईंनी आम्हाला आधीच सांगितलं होतं की असं ऐकलं तर विषय बदलू नका, सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मी विचारलं. ती म्हणाली जीव नाही द्यायचा, फक्त एकदा कुशीत घ्यायचंय. ती हो म्हणाली असती तर त्याच क्षणी डॉक्टर गाठायचे होते आणि तिला एकटं सोडायचं नव्हतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आम्ही फ्रिजवर चिकटवला होता, सरकारी आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. महिने उलटले तरी माणूस उठत नसेल, खात नसेल, तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत दाखवायला लाजू नका.

मागच्या वर्षी तान्हा पोळा आला तसा सगळ्यांच्या पोटात गोळा. बाहेर मारबतच्या पुतळ्याची मिरवणूक, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत", आणि संध्याकाळी गल्लीतली पोरं नटूनथटून नंदी घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे-खाऊ, मागायला येणार. आई म्हणाली दार लावून घेऊ. वहिनी म्हणाली नको. तिने खोक्यातून त्याचा नंदी काढला, धाकटीने त्याला झूल घातली, आणि दोघी ओट्यावर बसल्या.

त्याच्याच वर्गातला एक मुलगा आला, थोडा उंच झालेला. नंदीकडे बघून त्याचं नाव घेऊन म्हणाला, काकू, हा त्याचा ना? याचं शिंग माझ्यामुळे तुटलं होतं, त्याने तुम्हाला सांगितलं नव्हतं.

वहिनीला हे माहीतच नव्हतं. तिने त्याला शेजारी बसवलं आणि म्हणाली, सांग मला, कसं तुटलं. आत टीव्हीसमोर बसलेला दादा पण उठून बाहेर आला.