मागच्या खोलीपर्यंत वायफाय: दुसऱ्या राउटरची नोंदवही

नोंद १: आधी मोजमाप

घर लांबट आहे. फायबरची जोडणी पुढच्या खोलीत येते आणि मुख्य राउटरही तिथेच भिंतीवर आहे. आईची खोली पार मागे. मध्ये विटांच्या दोन भिंती आणि काँक्रीटचा एक जाड खांब. व्हिडिओ कॉल आला की आई फोन घेऊन दाराच्या चौकटीत येऊन उभी राहायची, कारण तिथेच समोरचा चेहरा नीट दिसायचा. तिला पलंगावर बसून निवांत बोलता यावं, एवढ्यासाठी हा सगळा उद्योग. कपाटात एक जुना ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा) राउटर पडून होता, तो बाहेर काढला.

फोनवरच्या सिग्नलच्या कांड्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून थेट डीबीएममध्ये (सिग्नलची शक्ती मोजण्याचं एकक) आकडे घेतले. हे आकडे ऋण असतात. शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल चांगला. २.४ गिगाहर्ट्झवर पुढच्या खोलीत उणे ३८, मधल्या खोलीत उणे ६१, आईच्या पलंगापाशी उणे ७९. ५ गिगाहर्ट्झ तिथे दिसतच नव्हतं. ३ डेसिबल घटले की सिग्नलची शक्ती निम्मी होते आणि १० घटले की दहावा हिस्सा उरतो. म्हणजे मधल्या खोलीतून मागे जाईपर्यंतच्या १८ डेसिबलमध्ये शक्ती साठ पटींहून जास्त घटली. व्हिडिओ कॉल सुरळीत चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून चांगला आकडा लागतो.

वेग मोजायला आयपर्फ३ हा दोन उपकरणांमधला वेग मोजणारा प्रोग्राम वापरला. लॅपटॉप केबलने मुख्य राउटरला जोडून त्यावर सर्व्हर चालवला आणि फोन हातात घेऊन घरभर फिरलो. यात इंटरनेट मध्ये येतच नाही, त्यामुळे दोष घरातल्या जाळ्याचा की बाहेरच्या लाइनचा हे लगेच कळतं. आईच्या खोलीत सेकंदाला ६ मेगाबिट, तेही मधूनमधून शून्यावर जाणारे.

नोंद २: रिपीटर

जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटर चालवणारं खुलं फर्मवेअर, चढवलं आणि त्याचा रिपीटर केला, म्हणजे मुख्य राउटरचा सिग्नल घेऊन तो पुढे पाठवणारा. या फर्मवेअरचा मूळ इतिहास मला फार आवडतो. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स होतं. २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि २००४ मध्ये त्यावरून ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. कंपनीने अपडेट देणं कधीच बंद केलेला माझा राउटर त्यामुळेच पुन्हा कामाचा झाला.

पहिल्या दिवशी रिपीटर सरळ आईच्या खोलीतच ठेवला. फोनवर कांड्या पूर्ण, वेग मात्र ५ मेगाबिट. असं होणारच. फोन ते रिपीटर हा टप्पा उत्तम झाला, पण रिपीटर ते मुख्य राउटर हा टप्पा पूर्वीच्याच उणे ७९च्या आसपास अडकलेला. रिपीटरला स्वतःला जेवढं मिळतं त्याहून जास्त तो पुढे देऊ शकत नाही. जिथे सिग्नल मेलाय तिथे नाही, तर जिथे तो अजून धडधाकट आहे अशा जागी रिपीटर हवा.

मधल्या खोलीत आणल्यावर आईच्या खोलीत २२ मेगाबिट मिळाले. कॉलला पुरेसे, पण एकच रेडिओ त्याच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर बोलतो. प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) हवेतून दोनदा जातं, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मग मुख्य राउटरशी जोडणी ५ गिगाहर्ट्झवर घेतली आणि आईच्या खोलीसाठी २.४ ठेवलं. वेग ४० पर्यंत गेला.

इथे एक अडचण आली, ती जरा सविस्तर लिहितो, कारण माझी एक अख्खी संध्याकाळ तिच्यात गेली. वायफायला जोडलेलं साधं उपकरण (क्लायंट, इथे रिपीटर) तीन पत्त्यांच्या फ्रेम, म्हणजे माहितीचे तुकडे, पाठवतं. रिपीटरच्या मागे असलेल्या फोनचा स्वतःचा पत्ता बसवायला त्यात जागाच नसते, त्यामुळे सरळ ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजू एकाच जाळ्यात जोडणं, होत नाही. त्यासाठी डब्ल्यूडीएस, म्हणजे चार पत्त्यांची पद्धत, दोन्हीकडे चालू असावी लागते. माझ्या मुख्य राउटरमध्ये ती सोयच नाही. रिलेडी हा दोन बाजूंमध्ये पॅकेट पोहोचवणारा छोटा प्रोग्राम वापरून काम भागलं, पण फोनला टीव्ही आणि प्रिंटर सापडेनासे झाले, कारण ही शोधाशोध मल्टिकास्टवर (एकाच वेळी अनेक उपकरणांना जाणाऱ्या संदेशांवर) चालते आणि तो रिलेडीतून पलीकडे जात नव्हता. तेव्हाच केबल टाकायचं नक्की केलं.

नोंद ३: केबल

कॅट ५ई प्रकारची नेटवर्क केबल, १८ मीटर, मुख्य राउटरपासून आईच्या खोलीतल्या दुसऱ्या राउटरपर्यंत, भिंतीच्या कडेने. या केबलवर १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालतं, त्यामुळे अंतराची काळजी नव्हती.

दुसऱ्या राउटरची सेटिंग केबल जोडण्याआधी करायची, हा क्रम सांभाळा. त्याच्या लॅनचा (घरातल्या जाळ्याचा) आयपी पत्ता १९२.१६८.१.२ केला (मुख्य राउटरचा १९२.१६८.१.१ आहे, आणि त्याचं डीएचसीपी १०० पासून पुढचे पत्ते वाटतं). दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी बंद केलं. मग केबल लॅनमधून लॅनमध्ये लावली, वॅन (इंटरनेटच्या लाइनसाठीचा) पोर्ट रिकामा. वॅनमध्ये लावली असती तर दुसरं नॅट (पत्ते बदलून जाळी वेगळी ठेवणारी पायरी) तयार झालं असतं, घराची दोन वेगळी जाळी झाली असती आणि प्रिंटर पुन्हा हरवला असता.

सगळं जुळलं, पण आयपर्फ ९४ च्या वर जाईना. हा आकडा ओळखीचा आहे: १०० मेगाबिटच्या लिंकवर एवढंच मिळतं. दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिटचे आहेत, म्हणून संशय केबलवर. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. गिगाबिटला चारही जोड्या हव्यात. टेस्टरवर ४ आणि ५ चे दिवे लागले नाहीत, म्हणजे निळी जोडी तुटलेली. मागच्या टोकाचा प्लग कापून ५६८बी या तारांच्या ठरलेल्या रंगक्रमाने नवा दाबून बसवला. या वेळी आठही तारा प्लगच्या टोकापर्यंत पोहोचल्यात का, हे उजेडाकडे धरून पाहिलं. लिंक १००० वर आली.

नोंद ४: जागा, चॅनेल, आणि चिकटून बसणारा फोन

राउटर आधी लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता. तो कपाटाच्या वर घेतला, अँटेना उभ्या केल्या आणि पलंगापाशी ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ५९ वरून उणे ४८ झाला. नुसत्या जागेने ११ डेसिबल!

२.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल १, ६ आणि ११. आजूबाजूला ६ वर गर्दी आहे, म्हणून मुख्य राउटर १ वर, दुसरा ११ वर. रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झच. ५ गिगाहर्ट्झला कोणते चॅनेल चालतात ते देशानुसार बदलतं, त्यामुळे ओपनडब्ल्यूआरटीमध्ये देश बरोबर निवडा. ५२ ते १४४ मधल्या बऱ्याच चॅनेलवर राउटर सुरू होण्याआधी रडारसाठी किमान एक मिनिट कान देऊन बसतो. तो बिघाड समजू नका.

दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवला. तरी फोन मागच्या खोलीत जाऊनही पुढच्या राउटरला उणे ७६ वर चिकटून राही. कुठल्या राउटरवर जायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. मुख्य राउटरची २.४ची शक्ती ‘मध्यम’ केली, दुसऱ्याची २० डीबीएमवरून १४ वर आणली. आता मधल्या दाराशी फोन आपण होऊन बदलतो. चालू कॉलमध्ये तेवढ्यात आवाज सेकंदभर तुटतो.

आजचा आकडा: आईच्या पलंगापाशी ४१० मेगाबिट. काल रात्री ती मावशीशी पाऊण तास बोलली, उशीला टेकून, आणि एकदाही उठली नाही.

तो सेकंदभराचा खंड अजून सलतो. ८०२.११आर (फोनला राउटर झटपट बदलू देणारी वायफायची सोय) दोन्हीकडे असेल तर तो बराच कमी होईल, पण मुख्य राउटर ते देत नाही. पुढच्या सुट्टीत त्याचं वायफाय पूर्ण बंद करून पुढेही ओपनडब्ल्यूआरटीवालाच राउटर बसवणार आहे. केबल त्याच वेळी दोन टाकून ठेवतो.