कुआलालंपूर ते कुनमिंग : दोघं, चार गाड्या, तीन सीमा

जुलै २०२४ मध्ये बँकॉकची गाडी थेट लाओसच्या राजधानीपर्यंत, व्हिएन्तिआनपर्यंत, जायला लागली. तेव्हापासून मलेशियातून चीनपर्यंत रेल्वेनं जाणं बरंच सोपं झालंय. आम्ही दोघांनी हा मार्ग केला. गाडीत बसल्यावर फारसं काही बिघडत नाही. जे बिघडतं ते दोन गाड्यांच्या मध्ये.

आधी कागद. मलेशियाचं आणि थायलंडचं डिजिटल आगमनपत्र प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. थायलंडच्या अर्जात विमान नव्हे, जमिनीवरून आणि रेल्वेनं, असं निवडायचं. लाओसचा ई-व्हिसा सगळ्या नाक्यांवर चालत नाही. आपण उतरणार ते ठिकाण यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा. चीनचा व्हिसा मात्र निघण्यापूर्वीच हातात हवा. भारतीयांना पर्यटक व्हिसा देणं जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू झालं आहे. चारही देशांचे नियम सारखे बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासायचे.

पहिली गाडी ईटीएस, मलेशियाची विजेवर धावणारी. कुआलालंपूर सेंट्रल ते थायलंडच्या सीमेवरचं पादांग बेसार साधारण साडेपाच तास. पादांग बेसारला दोन्ही देशांचे शिक्के एकाच स्टेशनात बसतात. पण तिथं घड्याळ फसवतं. थायलंड मलेशियाच्या एक तास मागे आहे, त्यामुळे बँकॉकची ४६ क्रमांकाची गाडी थाई वेळेनं पाचला, म्हणजे मलेशियाच्या सहाला सुटते. ईटीएसच्या तिकिटावर मलेशियाची वेळ, ४६ च्या तिकिटावर थाई. मध्ये किमान दोन तास ठेवा. ईटीएसला उशीर झाला तर ४६ थांबत नाही, आणि त्या दिवशी बँकॉकला थेट जाणारी दुसरी गाडी नाही.

पादांग बेसारहून ४६ ला स्लीपरचे दोनच डबे असतात, बाकीचे पुढे थायलंडमधल्या हाट याईला जोडतात. म्हणून हे तिकीट लवकर संपतं. बर्थला साधारण हजार बाहत (थायलंडचं चलन). खालचा बर्थ थोडा महाग, पण रुंद, आणि खिडकी त्यालाच. जोडप्यानं एकाच खणातला खालचा-वरचा घ्यावा: दिवसा समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री एकावर एक दोन बर्थ. अंथरूण आपण घालायचं नाही. डब्यातला माणूस येतो, दोन्ही खुर्च्या ओढून सपाट करतो, वरचा बर्थ किल्लीनं खाली पाडतो, गादी आणि चादर घालतो, पडदा अडकवतो. एका खणाला दोन-तीन मिनिटं. एसी इतका गार की शाल हाताशी ठेवलेली बरी. गाडीत दारूला २०१४ पासून बंदी आहे.

जेवण पादांग बेसारलाच उरकून घ्या. हाट याईला फलाटावर भात आणि तळलेली कोंबडी मिळते. शाकाहारी लोकांनी ‘जे’ हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की तिथं फिश सॉसही नसतो. नुसतं ‘भाजी’ म्हणून चालत नाही, कारण भाजीतही सॉस पडतो.

बँकॉकमध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अपिवत या नव्या स्टेशनातून सुटतात. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘रेल्वे स्टेशन’ सांगितलं तर तो जुन्या हुआलाम्फोंगला नेऊ शकतो. नव्या स्टेशनासाठी मेट्रोची निळी लाइन धरून बांग स्यू स्टेशनला उतरणं सोपं. व्हिएन्तिआनची १३३ क्रमांकाची गाडी रात्री ८:२५ ला निघते. सकाळी थायलंडच्या बाजूच्या नोंगखाईला सगळं सामान घेऊन खाली उतरायचं, शिक्का मारून घ्यायचा, परत त्याच गाडीत चढायचं. मग १९९४ च्या मैत्री पुलावरून मेकाँग ओलांडायची. रूळ रस्त्याच्या मधोमध आहेत, त्यामुळे गाडी पुलावर असेपर्यंत मोटारी थांबवून ठेवतात. लाओसचा शिक्का खामसावात स्टेशनात, नऊच्या सुमारास.

इथं बरेच जण फसतात. खामसावात हे मीटरगेजचं स्टेशन. आपल्याकडे अकोला-खंडवा मार्गावर होतं तेच माप, दोन रुळांमध्ये हजार मिलिमीटर. चीनकडे जाणारी लाइन १४३५ मिलिमीटरची, तिचं व्हिएन्तिआन स्टेशन वेगळं आणि लांब. कुनमिंगची गाडी सकाळी आठच्या सुमारास सुटते, म्हणजे १३३ नं आलात तर ती त्या दिवशी हुकलेलीच. एक रात्र व्हिएन्तिआनमध्ये काढायची, हे आधीच धरून चाला. लाओसचे किप देशाबाहेर कोणी बदलून देत नाही, लागतील तेवढेच काढा. शहरात बाहतही चालतात.

व्हिएन्तिआन स्टेशनच्या दारात पासपोर्ट, तिकीट आणि सामानाची तपासणी असते. चाकू, कात्री तर काढून घेतातच, पण डिओडोरंट आणि शेव्हिंग फोमचे फवारेही काढून घेतात. रोल-ऑन आणि क्रीम घेऊन निघा, वाद घालण्यात अर्थ नाही.

चीनकडे जाणारी ही लाइन डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि कुनमिंगपर्यंतची थेट प्रवासी गाडी एप्रिल २०२३ मध्ये. १०३५ किलोमीटरला सीमेवरच्या थांब्यांसह साडेनऊ ते साडेदहा तास. लाओसमधला जवळजवळ निम्मा मार्ग बोगद्यांतून जातो, तेव्हा खिडकीसाठी भांडू नका. सीमेवर लाओसच्या बोतेनला एकदा आणि चीनच्या मोहानला पुन्हा, दोन्हीकडे सामानासकट उतरायचं. मोहानला बोटांचे ठसे घेतात आणि बॅग परत स्कॅन होते. दोन्ही वेळा आपल्याच जागेवर येऊन बसायचं. इथं घड्याळ पुन्हा एक तास पुढे.

चीनमध्ये पासपोर्ट हेच तिकीट. आरक्षणात नाव पासपोर्टच्या तळातल्या दोन ओळींत ज्या क्रमानं आहे तसंच घालायचं; आपल्याकडे आडनाव कधी पुढे, कधी मागे, कधी रकाना रिकामाच, आणि घोळ तिथंच होतो. अलीपे या पैसे देण्याच्या अ‍ॅपला कार्ड भारतात असतानाच जोडा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून त्या सिमवर रोमिंग चालू हवं.

कुनमिंग दक्षिण स्टेशन शहरापासून बरंच बाहेर आहे, तिथून मेट्रोची १ नंबरची लाइन धरायची. शहर सुमारे १९०० मीटर उंचीवर असल्यानं रात्री गारवा असतो. स्वेटर बॅगेच्या तळाशी टाकू नका.